मोतीबिंदू, काचबिंदू आणि आम्ही

आम्ही म्हणजे दोघे जण. एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचा संपूर्ण मराठी विभाग. विद्यार्थी आम्हाला 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात, आणि पंधरा वर्षे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काढल्यावर आम्हीही एकमेकांना तेच म्हणू लागलो आहोत. या लेखातही तीच सोय ठेवली आहे. घडले ते सरांच्या बाबतीत. त्यातला लाजेचा वाटा मात्र दोघांचा सारखाच आहे.

जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर दत्तक गावात होते. मराठीचे प्राध्यापक म्हटले की शिबिराचे काम आपसूकच गळ्यात पडते, कारण भाषण, फलक, पथनाट्य आणि वर्तमानपत्राला द्यावयाची बातमी या चारही गोष्टी 'तुमच्याच विषयातल्या' असतात. पाचव्या दिवशी नेत्रतपासणी ठेवली होती. आदल्या रात्री आम्ही विद्यार्थ्यांकडून एक पथनाट्य बसवून घेतले. त्यात काळा चष्मा लावलेला, काठी टेकणारा एक म्हातारा होता, 'सगळीकडे अंधार, अंधार' असे तो म्हणत असे, आणि शेवटी सर्वांनी मिळून 'डोळे तपासा' अशी आरोळी द्यायची होती. संहिता सरांची, दिग्दर्शन मॅडमचे. सकाळी ध्वनिक्षेपकावरून गावाला आवाहन केले तेही आम्हीच.

दुपारी दोनपर्यंत शंभरावर माणसे तपासून झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले डॉक्टर आपली सामग्री आवरू लागले, आणि भिंतीला टेकून याद्या पुऱ्या करत असलेल्या आम्हा दोघांना सहज म्हणाले, "तुमचे कधी तपासले आहेत?" आम्ही दोघांनी एकाच वेळी आपापल्या चष्म्याला हात लावला. दोघांचे उत्तरही एकच होते: नंबर दोन वर्षांपूर्वीच काढला आहे. ते हसले आणि म्हणाले, "मी नंबर विचारला नाही."

मॅडमचे डोळे पाहून त्यांनी मान हलवली. सरांच्या डोळ्यांत मात्र ते बराच वेळ पाहत राहिले. उजवा, मग डावा, पुन्हा उजवा. हातात धरायच्या एका लहान यंत्राने त्यांनी दाब मोजला. तो उजव्या डोळ्यात २७ आणि डाव्यात २४ निघाला. सर्वसाधारणपणे १० ते २१ हा आकडा ठीक समजतात. सरांनी तत्काळ सांगितले की आपले बीपी अगदी नॉर्मल असते. डॉक्टरांना ही चूक रोजचीच असावी. डोळ्यातला दाब निराळा आणि रक्ताचा निराळा, एकाचे दुसऱ्यावरून काही कळत नाही, एवढे सांगून त्यांनी विचारले, "घरात कुणाला काचबिंदू होता का?"

"नाही," सर म्हणाले. "वडिलांना मोतीबिंदू होता."

या एका वाक्यापाशी आम्हाला थोडे थांबायचे आहे. ते खोटे बोलण्यासाठी उच्चारलेले नव्हते. त्या घरातल्या प्रत्येकाने ते वीस वर्षे खरे मानले होते.

आपल्या भाषेत दोन रोगांना मिळालेली ही नावे पाहा. मोतीबिंदू आणि काचबिंदू. एकाच वजनाचे, एकाच शेवटाचे दोन शब्द. जणू सख्खी भावंडे. हिंदीत तर काचबिंदूला 'काला मोतिया' म्हणतात, म्हणजे तिथे तो मोतीबिंदूचाच एक रंग ठरतो. परिणाम असा की मोतीबिंदूविषयी जे जे लोकांना ठाऊक असते ते सगळे, नावाच्या नात्याने, काचबिंदूच्या वाट्याला जाते. मोतीबिंदू 'पिकतो', म्हणून थांबायचे. खरे तर आता मोतीबिंदूलाही पिकेपर्यंत थांबावे लागत नाही, पण शब्द अजून तोच चालतो. मोतीबिंदू म्हातारपणीच होतो, तेव्हा चाळिशीत काळजी नको. मोतीबिंदू काढला की दिसू लागते, तेव्हा वेळ आली की काढू. यातले एकही वाक्य काचबिंदूला लागू नाही. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते, आणि भिंग बदलता येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून, एका बारीक जाळीतून, तो वाहून जात असतो. त्याला वाट पुरेशी मिळाली नाही की आत दाब वाढतो, आणि मेंदूकडे जाणारी दहा-बारा लाख तंतूंची ती दोरी तंतू तंतू करून तुटू लागते. तुटलेला तंतू आजच्या कोणत्याही उपायाने जोडता येत नाही. म्हणून इथे पिकण्याची वाट पाहणे म्हणजे सगळे जाण्याची वाट पाहणे.

शब्दाच्या मागे गेलो तर आणखी गुंता हाती लागतो. 'काच' हे नाव आयुर्वेदातले आहे. वाग्भटात तिमिर, काच आणि लिंगनाश अशा चढत्या अवस्था येतात, आणि आजचे वैद्य काचबिंदूशी ज्याचे साम्य दाखवतात तो रोग मात्र 'अधिमंथ' या निराळ्याच नावाचा. ग्रीकांकडेही तीच तऱ्हा. ज्या 'ग्लाउकोस' शब्दावरून ग्लॉकोमा आला त्याचा अर्थ निळसर-हिरवट, करडा, चकाकता. होमरच्या अथीनेचे विशेषण त्याच शब्दावरून आहे. बुद्धीच्या देवतेचे डोळे आणि जाणारे डोळे एका धातूचे निघावेत, हे आम्ही कधी वर्गात गमतीने सांगत असू. आता ती गंमत पूर्वीइतकी वाटत नाही. एक मात्र खरे. बुबुळाच्या रंगावरून रोग ओळखायचा तर तो फार उशिरा ओळखला जाणार, कारण बाहेरून पाहताना या रोगातला डोळा बहुधा अगदी आपल्या डोळ्यासारखा दिसतो.

सरांच्या वडिलांचे, आबांचे, डोळेही तसेच दिसत. गावाकडच्या जुन्या घराची दारे बुटकी होती आणि शेवटच्या काही वर्षांत आबांच्या कपाळावर नेहमी एक टेंगूळ असे. "चौकट खाली आली," असे म्हणून ते स्वतःच हसत. श्रावणात ते श्रीधरांचा 'पांडवप्रताप' लावत. संध्याकाळी ओसरीवर चार माणसे जमत, आबा पोथी उघडत, ओवीमागून ओवी म्हणत आणि वेळच्या वेळी पान उलटत. एका श्रावणात त्यांनी दोन पाने एकदम उलटली तरी ओवी तुटली नाही, आणि कुणाच्या ते लक्षातही आले नाही. सरांच्या आले होते. त्यांना त्या वेळी कौतुक वाटले की आबांना पोथी पाठ आहे. ती पाठ का म्हणावी लागते आहे, हा प्रश्न मराठीत एम. ए. झालेल्या, नेट उत्तीर्ण होऊन नुकत्याच लागलेल्या त्या प्राध्यापकाच्या मनात आला नाही.

पुढे २००४ मध्ये आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दिसणे काही परत आले नाही. 'ऑपरेशन बिघडले' असा घरात निकाल लागला, आणि त्या डॉक्टरांचे नाव पुढे कित्येक वर्षे त्या घरात चांगल्या अर्थाने घेतले गेले नाही. आबा २०११ मध्ये गेले. शिबिरानंतरच्या रविवारी सर गावी गेले, ट्रंकेतली जुनी कागदपत्रे काढली, आणि त्यात तो कागद सापडला. डॉक्टरी अक्षर, पण वाचता न येण्याजोगे नव्हे. मोतीबिंदूच्या खालीच दुसरी ओळ होती, 'ग्लॉकोमा, अ‍ॅडव्हान्स्ड, बोथ आइज'. आणि तिच्याखाली अधोरेखित केलेले तीन शब्द: 'फॅमिली स्क्रीनिंग अ‍ॅडव्हाइज्ड'.

तो कागद सरांनी सोमवारी विभागात आणून टेबलावर ठेवला. आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. पाठचिकित्सा शिकवणारी माणसे आम्ही. एखाद्या पोथीतील एका मात्रेवरून तासभर बोलू शकतो. आणि घरातला अर्ध्या पानाचा कागद एकोणीस वर्षे न वाचता ठेवला होता. त्या डॉक्टरांनी सांगायचे ते सांगितले होते. कदाचित तोंडीही सांगितले असेल. ऐकणाऱ्याच्या कानाला 'मोतीबिंदू' हा ओळखीचा शब्द सापडला आणि त्याने उरलेले वाक्य सोडून दिले.

सरांनी दुखते का, धूसर दिसते का, या सगळ्या प्रश्नांना मनापासून 'नाही' म्हटले होते. तेही खरेच होते. या रोगाविषयी आम्हाला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात आधी सांगावीशी वाटणारी गोष्ट हीच आहे. आमच्या पथनाट्यातला 'अंधार, अंधार' साफ चुकीचा होता. काचबिंदूच्या माणसाला काळे डाग दिसत नाहीत, भोके दिसत नाहीत, पडदा दिसत नाही. जिथले दिसणे गेले आहे तिथेही त्याला काहीतरी दिसत असते.

वाचकांनी हे आत्ता बसल्या जागी करून पाहावे. डावा डोळा झाका. दोन्ही हात समोर ताठ करून दोन्ही अंगठे शेजारी शेजारी उभे धरा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे एकटक पाहत राहा आणि उजवा अंगठा त्याच उंचीवर हळूहळू उजवीकडे न्या. वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर उजव्या अंगठ्याचे टोक नाहीसे होते. नजर डाव्या अंगठ्यावरून हलवायची नाही, एवढीच अट. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते त्या जागी काहीच दिसत नाही, ही गोष्ट मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६० च्या दशकात दाखवून दिली. पण प्रयोगातला लक्ष देण्याजोगा भाग अंगठा जाण्याचा नाही. अंगठ्याच्या जागी काय दिसते ते पाहा. मागची भिंत दिसते, सलग, रंगासकट. ती भिंत डोळ्याने पाहिलेली नाही, मेंदूने आजूबाजूचे पाहून भरून काढली आहे. हे भोक आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात जन्मापासून आहे आणि कुणी सांगेपर्यंत एकालाही ते दिसत नाही. काचबिंदूत असेच भोक कडेकडेने वाढत जाते आणि मेंदू तितक्याच इमानाने भिंत रंगवत राहतो. शिवाय डोळे दोन. एकाचे उणे दुसरा झाकतो.

मुद्रिते तपासणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. स्वतः लिहिलेल्या मजकुरातला गळलेला शब्द स्वतःला दिसत नाही, कारण तो मनात असतो आणि डोळा तो कागदावर ठेवून देतो. म्हणून मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करून घ्यायचे असते. 'मला नीट दिसते' ही साक्ष काचबिंदूच्या बाबतीत कवडीमोलाची आहे, साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी.

त्या फेब्रुवारीत आम्ही दोघे जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. बाहुली मोठी करणारे औषध घालतात, पुढचे काही तास नीट दिसत नाही आणि गाडी चालवता येत नाही, म्हणून सोबत कुणीतरी लागते; मॅडमनी त्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. आधी कोन पाहिला, बुबुळाच्या पडद्याची जाडी मोजली, मागच्या नसेचे स्कॅन काढले आणि मग सरांना 'फील्ड'साठी आत नेले. ही परीक्षा प्रत्येक प्राध्यापकाने एकदा द्यावी अशी आहे. एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवून, एक डोळा बांधून बसायचे. समोरच्या एका ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेतरी मंद दिवा लुकलुकेल. दिसला की हातातले बटण दाबायचे. यंत्र मुद्दाम इतके मंद दिवेही लावते की धडधाकट डोळ्यालाही त्यातले बरेच दिसू नयेत, कारण त्याला आपली मर्यादा कुठे संपते ते शोधायचे असते. दिवा नसताना बटण दाबले तर त्याचीही नोंद होते. कॉपी करता येत नाही, शेजारच्याचे बघता येत नाही, आणि कृपागुण नाहीत. सर बाहेर आले ते घाम पुसत. "पेपर अवघड होता," म्हणाले, "पण वेळ उरला."

निकालाच्या कागदावर प्रत्येक डोळ्याचा एकेक नकाशा होता. मध्यभाग पांढरा, आणि उजव्या डोळ्याच्या वरच्या अर्ध्यात कमानीसारखा एक काळा पट्टा, नाकाच्या बाजूला रुंद होत गेलेला. डाव्या डोळ्यात त्याच जागी राखी छटा. डॉक्टरांनी नसेचे चित्र दाखवले. नसेच्या तोंडाशी मधोमध एक लहानसा खळगा प्रत्येकाच्याच असतो, सरांचा मोठा झाला होता आणि खालच्या बाजूची त्याची कड जवळजवळ उरली नव्हती. डोळ्यात चित्र उलटे पडते, म्हणून खालचे तंतू गेले की वरचे दिसणे जाते.

वरचे. आम्हाला दोघांनाही एकाच वेळी आबांचे टेंगूळ आठवले. आणि दुसरे एक आठवले ते आमच्या महाविद्यालयातले. आमचा मोठा वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा आहे, मागचे बाक वर असतात. आदल्या वर्षीच्या विद्यार्थी-अभिप्रायांत सरांविषयी दोन-तीन अर्जांवर लिहिलेले होते की सर मागच्या बाकांकडे लक्ष देत नाहीत, हात वर केला तरी विचारत नाहीत. सरांना ते लागले होते. मॅडमनी त्यांची समजूत घातली होती की मुले काहीही लिहितात. हा त्या काळ्या कमानीचाच परिणाम होता असे खात्रीने म्हणता येणार नाही, आणि डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. परंतु त्या वर्षी मागच्या बाकावर बसून हात वर करत राहिलेली मुले कोण होती, हे सर अजूनही अधूनमधून आठवून पाहतात.

वाङ्मयाच्या माणसाला अशा वेळी मिल्टन आठवतोच. १६५२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो पूर्ण आंधळा झाला होता. म्हणजे आम्ही आज ज्या दशकात आहोत त्याच दशकात. १६५४ मध्ये लिओनार्ड फिलारास या ग्रीक स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपले डोळे कसकसे जात गेले ते तपशिलाने सांगितले आहे. फिलारास ते वर्णन पॅरिसमधल्या एका वैद्याला दाखवणार होता. डाव्या डोळ्याच्या डाव्या बाजूने आलेले धुके, दिव्याभोवती दिसणारे इंद्रधनुष्यासारखे कडे, हे सारे त्यात आहे. त्यावरून कुणी काचबिंदू म्हटले, कुणी पडदा सुटला म्हटले, कुणी आणखी काही. वाद मिटलेला नाही आणि मिटणारही नाही, कारण त्याच्या डोळ्याच्या आत कुणीच पाहू शकले नव्हते. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या तळाशी डोकावण्याचे साधन हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये केले, मिल्टनच्या पत्रानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. 'पॅरडाइज लॉस्ट' त्याने इतरांना सांगून लिहवून घेतले म्हणून अंधत्वाला एक तेजोवलय देण्याची आपल्याला सवय आहे. आम्हीही वर्गात ते दिले आहे. त्या पत्रातला मिल्टन मात्र वैद्याला दाखवण्यासाठी लक्षणे लिहिणारा रुग्ण आहे, आणि त्याला आपले डोळे परत हवे आहेत.

जेम्स जॉइसची गोष्ट निराळी. त्याला १९१७ मध्ये झुरिकमध्ये काचबिंदूचा तीव्र झटका आला आणि त्याच वर्षी डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. हा प्रकार एकाएकी येतो: भयंकर डोळेदुखी, लाल डोळा, दिव्याभोवती वलये, उलट्या. डोके दुखते आणि उलटी होते म्हणून माणसे पित्ताच्या गोळ्या घेऊन पडून राहतात, तसे न करता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पण त्या रोगाला निदान तोंड तरी आहे. सरांचा प्रकार मुका होता, आणि जास्त माणसांना असतो तो मुकाच.

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख माणसांना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याहून बोलकी गोष्ट वेगळी आहे. तमिळनाडूत घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या त्यांत ज्यांना हा रोग आढळला त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक माणसांना तो आपल्याला आहे हे आधी माहीत नव्हते. म्हणजे सरांसारखेच. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणारी, आणि नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असे समजणारी. नंबर काढताना समोरच्या पाटीवरची अक्षरे वाचवून घेतात. ती मधल्या नजरेने वाचली जातात आणि या रोगात मधली नजर सगळ्यात शेवटी जाते. सर त्या दुकानात दर वेळी शेवटची ओळ घडाघडा वाचत.

डॉक्टरांनी आम्हाला सांगितले ते असे. चाळिशी आली की एकदा पूर्ण तपासणी करावी, पुढे साधारण दर दोन वर्षांनी, आणि घरात आईवडील वा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी. नुसता दाब मोजून भागत नाही, कारण दाब सर्वसाधारण असूनही नस झिजणारी माणसे पुष्कळ असतात; नस पाहिलीच पाहिजे. दमा, सांधे, त्वचा यांसाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. आणि डोळे चुरचुरतात म्हणून औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकते, त्याने दाब वाढू शकतो. शेवटची गोष्ट ऐकताना मॅडमनी आपल्या पर्समधली एक लहान बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. शिबिरातल्या धुळीसाठी आणली होती. ती त्यांनी वाचली आणि शांतपणे कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

सरांना रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब आहे, आणि उजव्यात सकाळी दुसऱ्या औषधाचा एक. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा. या औषधाचा अनुभव विचित्र आहे. ते घातले तर काही बरे वाटत नाही आणि चुकवले तर काही वाईट वाटत नाही. गेलेले परत येत नाही. आहे ते राखायचे, एवढाच करार. त्यामुळे माणसे सहा महिन्यांत कंटाळून सोडून देतात. उत्तरपत्रिका तपासणीच्या दिवसांत सरांनीही सलग चार रात्री चुकवल्या. तेव्हापासून रात्री साडेनऊला मॅडमचा एका शब्दाचा संदेश जातो, 'थेंब', आणि उत्तर येते, 'हो'. औषधाने सरांच्या पापण्या लांब आणि दाट झाल्या आहेत. स्टाफरूममध्ये त्यावर पुरेसे बोलून झाले आहे.

दाब आता १४-१५ वर आहे. जून २०२५ पर्यंतच्या तिन्ही नकाशांत कमान होती तेवढीच आहे.

राहिले दादा. सरांचे थोरले बंधू गावी शेती पाहतात, वय एकावन्न. त्यांना तपासणीला न्यायला दोन वर्षे गेली. "आरं, मला पल्याडच्या बांधावरचं ढोर कुणाचं त्ये हितनं कळतंय. माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. सरांनी अंगठ्याचा प्रयोग करून दाखवला, तर त्यांना तो जादूचा खेळ वाटला आणि त्यांनी तो पारावर चौघांना शिकवला. आबांचा कागद दाखवला, तेव्हा मात्र ते गप्प झाले आणि उठून गोठ्यात गेले. शेवटी वहिनींनी जमवले. त्यांच्या साखरेसाठी त्यांना डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सांगितली होती. "मी एकली न्हाई जायची," म्हणून त्यांनी दादांना एसटीत बसवले. दवाखान्यात सर आधीच उभे होते. मॅडमही होत्या, कारण तिघांच्या बाहुल्या मोठ्या केल्यावर शुद्धीवर कुणीतरी हवे होते.

दादा फील्डच्या खोलीतून बाहेर आले ते वैतागून. "नुसतं बसवून ठिवलं," म्हणाले. "मधी मधी दिवं लागायचंच बंद व्हायचं. लाइट कमी आली आसंल."

सर काही बोलले नाहीत. वहिनींनी विचारले, "लाइट तर हाय की हो?" आणि त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिले.

दादांच्याही डोळ्यांत थेंब सुरू झाले आहेत. नुकसान सरांपेक्षा डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. वहिनींनी बाटली देवघरात ठेवली आहे, म्हणजे संध्याकाळचा दिवा लावताना विसरायला होत नाही. सरांची धाकटी बहीण पुण्यात असते, वय बेचाळीस, बँकेत. तिला आम्ही दोघांनीही फोन केले आहेत. ती म्हणते की मार्चअखेर संपू दे, मग ऑडिट संपू दे, आणि तसेही तिला सगळे नीट दिसते. तिच्यासाठी दिवाळीच्या सुटीतली वेळ घेऊन ठेवली आहे. लक्ष्मीपूजनानंतरचा सोमवार, सकाळी साडेदहा.